एक चिठ्ठी बाद

"घरची मतं चार," सदाशिव म्हणाला. "चारही माझी असली तर उभा राहतो. तीन असली तर नाही राहत. तुम्ही बसून ठरवा नि माका सांगा."

चवथीचा दुसरा दिवस. दुपारची जेवणं आटोपली होती, गणपती पोचवायला अजून दोन तास होते, आणि मेजावर पुतण्या गौरेशनं आणलेला अर्ज पसरलेला होता. जनेलातून वारा येत होता म्हणून त्यावर नेवऱ्यांचा डबा ठेवलेला. ट्रकमालक संघटनेच्या अध्यक्षपदाचा अर्ज, भरून द्यायची मुदत उद्या पाच वाजेपर्यंत. एवढंच बोलून सदाशिवानं खुंटीवरचा कोयता उचलला आणि केळीची पानं काढायला परसात निघून गेला. भांडण व्हायची चिन्हं दिसली की उठून जायची त्याची सवय जुनी. काही लोक म्हणतात, पळतो. म्हणोत बापडे. आपण समोर असलो की माणसं मोकळी बोलत नाहीत हे त्याला कळतं, आणि एकसष्टाव्या वर्षी एवढं कळणारी माणसं आमच्या पाळी गावात मोजकीच आहेत.

मागच्या निवडणुकीची हकीकत गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तरी सांगतो. गोवा राज्य व्हायच्या आदल्या वर्षी, भाषेवरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. सदाशिव तेव्हा अध्यक्ष होता आणि परत उभा होता. एक बाजू म्हणाली सदाशिव मराठीवाला, दुसरी म्हणाली कोकणीवाला. सदाशिव दोघांनाही म्हणाला, "ट्रकाला भाषा नसते रे, गियर असतात." झालं, दोन्ही बाजू रागावल्या. आंदोलनात रस्त्यावर आडवं टाकलेलं झाड बाजूला करायला हा गेला आणि कोणाचा तरी धोंडा कपाळावर बसला. सात टाके पडले. डोक्याला पट्टी बांधूनच मतदानाला आला.

संघटनेची रीत साधी. शिक्का मारलेली कोरी चिठ्ठी मिळते, तिच्यावर आपल्या माणसाचं नाव लिहायचं, घडी करायची, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. ज्याच्या नावावर ट्रक त्याला मत. गावसांच्या घरात चार ट्रक: एक सदाशिवाच्या नावावर, एक त्याची बायको आनंदीच्या, एक धाकटा भाऊ जयरामच्या आणि एक जयरामचा मुलगा गौरेशच्या. डबा उघडला. रामचंद्र परब एकाहत्तर, सदाशिव गावस सत्तर, एक चिठ्ठी बाद. समान मतं पडली तर ज्याचा ट्रक जुना तो अध्यक्ष, असा नियम आहे, आणि सदाशिवाच्या ट्रकाएवढा जुना ट्रक संघटनेत दुसरा नाही. म्हणजे ती एक चिठ्ठी धड असती तर पुढची तीन वर्षंही सदाशिवाचीच होती.

बाद चिठ्ठी मोजणाऱ्यानं रिवाजाप्रमाणे कोणाला न दाखवता फाडली; बाद म्हणजे कोरी, असं गावानं धरलं. कोरी म्हणजे गौरेशची, असं घरानं धरलं. कारण त्याच हंगामात सदाशिवानं खाणीवर माल भरायला लागलेल्या ट्रकांच्या भर लायनीत गौरेशचा ट्रक मागं पाठवला होता. सख्ख्या पुतण्याचा! तो राग पोरानं डब्यात काढला, असं जो तो मनात म्हणाला. तोंडानं मात्र कोणी बोललं नाही, कारण सदाशिवानं त्याच संध्याकाळी बजावलं होतं, "मत ज्याचं त्याचं. ह्या घरात कोणी कोणाला विचारायचं नाही." कोणी विचारलं नाही. सहा महिन्यांत जयरामनं सांखळीला वेगळं घर बांधलं, आणि दोन भावांची बिऱ्हाडं एका छपराखाली यायला तेव्हापासून चवथच लागायची.

"माझं ऐकाल तर दादानं उभं राहू नये," जयरामनं सुरुवात केली. "मी स्पष्ट सांगतो."

"कित्याक पण?" गौरेशनं विचारलं.

"कित्याक म्हणजे? एकदा पडला, पुरे झालं. परत पडला तर?"

जयरामला त्या दिवसाची आठवण नको होती. भाऊ जिंकणार या खात्रीनं त्यानं सांखळीहून आगाऊ हार आणून ठेवला होता, चांगला गुडघ्यापर्यंत लांब. निकाल लागला तसा सदाशिव त्याच्याकडे आला, म्हणाला, "आण तो हार, सुकवायचा कित्याक?" आणि तोच हार नेऊन त्यानं रामचंद्राच्या गळ्यात घातला. वर म्हणाला, "रामचंद्रा, आता लायन तुझ्या हातात. सांभाळ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरलेल्या माणसाला जिंकलेल्यापेक्षा जास्त टाळ्या पडलेल्या जयरामनं आयुष्यात तेवढ्याच ऐकल्या. तो ट्रकाच्या मागं जाऊन रडला होता. आपला भाऊ किती मोठा माणूस आहे हे त्या दिवशी कळलं आणि त्याच दिवशी तो हरावा, याचा त्याला संताप आला होता, तो अजून उतरला नव्हता.

"पडणार नाहीत," गौरेश म्हणाला. "बाबा, तुमी सांखळीत असता, तुमका लायनीचे हाल माहीत नाहीत. रामचंद्रकाका माणूस वाईट नाही, पण त्याला नाही म्हणता येत नाही. कोणीही येतो, कानात सांगतो, आणि त्याचा ट्रक पुढं. आम्ही एक-एक ट्रकवाले दोन-दोन दिवस उभे. दोडामार्गचे डायवर केबिनीतच भात शिजवतात. आबा अध्यक्ष होते तेव्हा कोणाची हिंमत होती?" काकाला तो आबा म्हणायचा.

"आबा होते तेव्हा तूच मागं गेलेलास," विनोदिनी पटकन बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनं जीभ चावली.

विनोदिनी म्हणजे जयरामची बायको. तिच्या नावावर ट्रक नाही, मत नाही, पण या घरात सगळ्यात जास्त गमावलं असेल तर तिनं. तिला भावोजींचं कौतुक कमी नव्हतं. गौरेशच्या वेळी ती अडली होती तेव्हा भर पावसात ट्रक काढून तिला दवाखान्यात पोचवलं ते भावोजींनीच. पण आज तिला एकच भीती होती. भावोजी परत उभे राहिले आणि परत एका-दोन मतांनी पडले, की सगळ्यांच्या नजरा परत माझ्या पोरावर. तेव्हा उभंच राहू नये, हे बरं. म्हणून ती नवऱ्याच्या बाजूनं होती.

"गेलो होतो मागं," गौरेश हसला. "नार्व्याच्या जत्रेहून उशिरा आलो, आणि ओळखीच्या कारकुनानं माका चौथ्या नंबरावर घुसवलं. आबांनी बघितलं. म्हणाले, 'गावाचं नाव पाळी, आणि तू पाळी मोडतोस? काढ गाडी.' नव्वदावा नंबर! ऐंशी जण बघत होते, माका धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. पण पुढचं कोणी सांगत नाही. आबा स्वतःचा तिसऱ्या नंबरावरचा ट्रक डायवरकडे देऊन माझ्या केबिनीत येऊन बसले. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. चा घेऊन आले, उंडो-भाजी घेऊन आले. माझी पाळी येईपर्यंत उठले नाहीत. म्हणाले, 'शिक्षा तुझी, पण एकटा कित्याक भोगशील?'"

जयरामनं मान वर केली. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ह्यातलं तू माका कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कधी विचारलंत?"

जयराम अर्जाकडे बघत म्हणाला, "असं असेल तर... दादाला असं घरात बसवणं बरोबर नाही मरे." त्याचा आवाज बदलला होता, आणि तो बदललेला विनोदिनीनं ऐकला. आपण एकट्या पडलो हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती आधारासाठी थोरल्या जावेकडे वळली.

आनंदी इतका वेळ गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून समईची वात पुढं करत होती. काळीसावळी, शिडशिडीत बाई, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. अक्षर असं की गावातल्या लग्नपत्रिकांचे मजकूर अजून तिच्याकडून लिहून नेतात. नवऱ्याच्या मागं ती कशी उभी राहिली हेही गावाला ठाऊक आहे. पांडुरंग डायवरचा पाय मोडला तेव्हा सदाशिवानं त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही, दोन महिने स्वतः त्याचा ट्रक हाकला. आणि त्या दोन महिन्यांत पांडुरंगाच्या घरी दोन वेळचा डबा हिनं पाठवला. अशी बाई. पण अढी बसली की बसली.

"माझं मत विचारता?" ती म्हणाली. "ह्यांनी उभं राहू नये. घरातूनच ज्याचा पाय ओढला जातो, त्यानं बाहेर कशाला धावायचं?"

"मोठी आई, कोण पाय ओढतो?" गौरेशनं विचारलं.

आनंदीनं वात सोडली, हात पदराला पुसले आणि तीन वर्षं घशात अडकलेलं बाहेर काढलं. "एवढे आबा आबा करतोस, मग त्या दिवशी चिठ्ठी कोरी कित्याक टाकलीस?"

परसातून कोयत्याचा आवाज तेवढा येत होता.

गौरेशचा चेहरा पडला. त्याला हे माहीत होतं. लोकांच्या नजरा कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. मोठ्या आईच्या पंगतीत आपल्याला दुसऱ्यांदा वाढलं जात नाही, हेही त्याला कळत होतं. पण नजरेनं म्हणणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. "मी नाही टाकली" म्हणून सांगायचं तर आधी कोणी विचारायला हवं होतं. न विचारता सांगितलं की चोराच्या मनात चांदणं. म्हणून तो तीन वर्षं गप्प राहिला होता.

त्याच्याऐवजी विनोदिनी उठली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"बरं झालं वयनीबाय, एकदाचं बोललात! आता मीही बोलते. ह्या घरात विचारायचं नाही, विचारायचं नाही करून माझं पोर तीन वर्षं कुजलं. आज विचारायचं. देव समोर बसलाय, माटोळीखाली उभं राहून ज्यानं त्यानं सांगायचं, चिठ्ठीवर काय लिहिलं ते. भावोजींचा शब्द मी मोडते, पाप लागलं तर माका लागू दे. हां, आधी तुमी." हे ती नवऱ्याला म्हणाली.

जयराम बायकोचं हे रूप पहिल्यांदाच बघत होता. निमूटपणे उभा राहिला. "सदाशिव गावस. एवढंच लिहिलं. देवाशप्पथ."

"तू?"

"श्री सदाशिव गोकुळदास गावस," गौरेश म्हणाला. "पूर्ण नाव. 'श्री' विसरलो होतो, तो वर काकपद करून घातला."

काकपद! असलं खोटं कोणाला रचता येत नाही. जयरामनं मुलाकडे पाहिलं, आणि त्याच्या मनात आलं, आपण सांखळीला घर बांधलं ते कशासाठी? लोकांनी पोराला बोल लावू नये म्हणून, असं आपण म्हणत होतो. खरं तर आपल्यालाच त्याचा संशय होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आता तुमी, वयनीबाय."

"माका विचारतेस?" आनंदी तटकन म्हणाली. "मी कोरी टाकली म्हणतेस? माझ्या घरधन्याला?"

"मी काही म्हणत नाही. सगळ्यांनी सांगितलं, तुमीही सांगा."

"त्यात काय सांगायचं! लिहिलं की. चांगलं घोटून लिहिलं, 'आमच्या ह्यांना.'"

"कोणाला?" जयरामनं विचारलं.

"ह्यांना."

"म्हणजे दादाचं नाव..."

"नाव कसं लिहीन मी? नवऱ्याचं नाव बाई लिहिते काय कुठं? 'आमच्या ह्यांना' लिहिलं, खाली माझी सही केली. कळणाऱ्याला कळलंच असणार."

जयरामच्या पोटातून जे हसू उसळलं ते काही केल्या आवरेना. "वयनी! अगो वयनी! तिथं पंधरा बायकांच्या नावावर ट्रक आहेत. कोणाचे हे? रामचंद्राची बायकोही त्याला 'हे'च म्हणते! आणि वर सही? गुप्त मतदानात सही?"

विनोदिनीही रडता रडता हसायला लागली. तिला आठवलं, वयनीबाय नाक्यावरच्या सदाशिव न्हाव्याला 'तो वस्तरेवाला' म्हणतात. 'सदा सुखी रहा' असा आशीर्वादसुद्धा देत नाहीत, 'नेहमी सुखी रहा' म्हणतात. लग्नातला उखाणा त्यांनी ओठातल्या ओठात पुटपुटला होता, आणि करवल्यांनी रागानं तांदूळ मारले होते. ज्या बाईनं चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही, तिच्या हातात कोरी चिठ्ठी देऊन म्हणे नाव लिहा! एवढी साधी गोष्ट घरातल्या एकाच्याही डोक्यात कशी आली नाही?

आनंदी मात्र हसत नव्हती. ती हळूहळू खाली बसली. इतकी वर्षं तिला एका गोष्टीचा अभिमान होता की, घरचं कोणी फुटलं तरी आपलं मत शाबूत आहे. आणि तेच नेमकं बाद झालं होतं. ह्यांना पाडलं कोणी? आपण. आणि बोल कोणाला लावला? ज्या पोराला आपण न्हाऊमाखू घातलं त्याला.

"आईनं सांगितलेलं," ती कोणाकडे न बघता म्हणाली. "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. त्याच आठवड्यात ह्यांचं डोकं फुटलेलं. पट्टीतून रक्त येत होतं हो भावजी. हातात पेन्सिल धरली आणि 'स' काढायला हात धजेना. वाटलं, आता लिहिलं आणि काही झालं तर?" आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "गौरेशा, बाबा, तुका मी तीन वर्षं दुसऱ्यांदा भात वाढला नाही. जाणूनबुजून वाढला नाही. मी वाईट बाई आहे."

गौरेश तिच्यापाशी जाऊन बसला. म्हणाला, "मोठी आई, तुमच्याकडे वाढत नाहीत म्हणून मी आधीच रांधपघरातून जेवून येत होतो. उपाशी नाही राहिलो."

"मेल्या!" ती म्हणाली आणि त्याला पाठीत धपाटा घालून तिथंच धरून बसली. जयरामनं तोंड फिरवून डोळे पुसले. विनोदिनीनं मुलाकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं, आणि तिच्या छातीवरचा भार उतरला. पण ती बोलल्याशिवाय राहिली नाही. "बसलात काय रडत? चार मतं झाली ना? मग अर्ज कोण भरणार?"

अर्जावर उमेदवाराच्या सहीआधी सूचक लागतो. सूचकानं उमेदवाराचं पूर्ण नाव स्वहस्ते लिहून खाली सही करायची, असा नियम. गौरेशनं खिशातलं पेन काढलं. "सूचक मी होतो, बाबा अनुमोदक."

"थांब," आनंदी म्हणाली. "सूचक मी."

"वयनी, नाव लिहायचं आहे त्यात," जयराम म्हणाला. "परत 'आमच्या ह्यांना' लिहाल, आणि अर्जही बाद."

"तुमी नका शिकवू. आण रे ते पेन."

ती मेजाशी बसली. नेवऱ्यांचा डबा बाजूला सरकवला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. देवाकडे एकदा बघितलं. मग मनगट मेजावर घट्ट दाबून धरलं.

"काही होत नाही वयनीबाय," विनोदिनी हळूच म्हणाली. "देव समोर आहे."

"मी त्यालाच सांगतेय," आनंदी म्हणाली. "ह्यांच्या आयुष्यातून काही काढायचं असेल तर माझ्यातलं काढ. पण लायनीत एवढी माणसं ताटकळतात, तेव्हा ह्यांना उभं केल्यावाचून भागणार नाही."

मग तिनं 'स' काढला. शाळेत गुरुजींनी घोटवलेली तिची सवय, लिहिताना अक्षर तोंडानं म्हणायचं. "स," ती म्हणाली. "दा." मग थांबली, श्वास घेतला. "शि. व." पुढचं ती भरभर लिहीत गेली, वडलांचं नाव, आडनाव, आणि टिंब देऊन झाल्यावर कागद दूर धरून, बरोबर आलं की नाही ते बघायला, शाळेतल्या मुलीसारखं मोठ्यानं वाचलं:

"सदाशिव गोकुळदास गावस."

परसातला कोयता थांबला.

सदाशिवाची आई गेली त्याला आता बावीस वर्षं झाली होती. या घरात बायकांच्या आवाजात हे नाव त्यानंतर कोणी घेतलं नव्हतं.

"ओ!" सदाशिवानं आतल्या बाजूला तोंड करून साद दिली, पोरवयात देत असे तशी, आणि मागून गोंधळून विचारलं, "कोण गे? कोणी हाक मारली माका?"

तिघं आनंदीकडे बघत राहिले. ती पेन हातात धरून उभी होती, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली.

"मी," ती म्हणाली. "चारही आहेत. आत या आणि सही करा."